तळहाताएवढं काम

प्रिय हेमलता,

फट्, फट् करत इंजिन एकदम सुरू व्हायचं आणि तू ओरडायचीस, "चाललं हो, चाललं!" तो आवाज अजून कानात आहे. मी म्हणायचो, बघ, भुजंगप्रयातात चालतंय. तू म्हणायचीस, "आधी गवत कापा, मग वृत्त."

तू गेल्यापासून येलहंकाच्या या अंगणात गवत कापायचं आपलं मशीन नुसतं गंजत होतं. या महिन्यात ते सगळं उघडलं. गंज खरवडला, पात्यांना धार लावली, कार्ब्युरेटर धुतला. सुरू करताना हवा अडवणारा चोक मात्र मोडलेलाच आहे. एवढ्या जुन्या इंजिनाचा तो कुठे मिळत नाही. दोरी ओढायची मी आणि हवेच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा तू, अशी आपली रीत. मग त्याच पेट्रोलच्या वासाच्या हातानं तू पोळ्या लाटायचीस आणि मी गुपचूप खायचो.

आज सकाळपासून एकटाच ओढतोय. एका हातानं दोरी, दुसऱ्यानं तोंड. जमत नाही गं. खांदा भरून आला, म्हणून पायरीवर बसून तुला लिहितोय. वाटतं, देऊन टाकावं भंगारात.

थांब, फाटक वाजलं. शेजारच्या गोजराक्का आल्यात. दर रविवारी आपल्या मशीनच्या आवाजावरून भांडायच्या, त्याच. आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणतायत,

"अण्णा, सकाळधरनं नुसती खरखर ऐकतेय. सरी, स्वल्प जरा सरका. हेमक्का हात कुठं ठेवायची, ते भिंतीवरून दर वेळी बघितलंय मी."

उठतो. तू कान देऊन ऐक.

तुझाच,
पद्माकर