डीकनची दोन मिनिटं

शनिवार, ५ ऑक्टोबर १९९६

लव्हॉनला माती देऊन आलो. सोळा वर्षांचं पोर! बसस्टॉपवर उभा होता, गोळी म्हणे दुसऱ्याच कुणासाठी होती. पहाटेपासून मी चर्चच्या स्वयंपाकघरात. कोंबडी तळली, कोलार्डचा पाला शिजवला, मॅकरोनी दोन मोठे ट्रे. त्याच्या आईने, वर्डेलने, घास घेतला नाही.

कसा घेईल? अंत्यविधीच्या पत्रिकेत नेहमीसारखं छापलं होतं — ‘मनोगत, कृपया दोन मिनिटं’. माझा नवरा लुशियस उठला. चर्चचा डीकन, मानाचा सेवक ना! लोकांना वाटलं, पोराबद्दल चार शब्द बोलेल. तर म्हणतो, “याला गोऱ्यांनी नाही मारलं. आपण मारलं! आपल्या आयांना आपली पोरं संध्याकाळी कुठे असतात तेच माहीत नसतं.” वर्डेल पहिल्या बाकावर बसलेली. अर्धं चर्च ‘आमेन’ म्हणालं, अर्धं खाली मान घालून बसलं. दारात टीव्हीवाले. दोन मिनिटांची दहा केली या बाबाने.

घरी आल्यावर विचारलं, “आजच बोलायचं होतं?” म्हणे, “खरं बोलायला मुहूर्त लागतो का?”

रविवार, ६ ऑक्टोबर

बातम्यांत दाखवलं. फोन खाली ठेवायची सोय नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

लुशियस न्हाव्याकडे गेला होता. तिथे सगळ्यांनी पाठ थोपटली. “ब्रदर, कुणीतरी बोलायलाच हवं होतं!” केस कापायचे पैसेही घेतले नाहीत.

इकडे माझी बहीण हुआनिटा फोनवर तडतडतेय — “आपल्या काळ्या लोकांत काय बोलायचं ते बोला की! सगळ्या गावासमोर चव्हाट्यावर कशाला? गोऱ्यांना तेवढंच हवं असतं.”

मला विचाराल तर दोघंही बरोबर. पोरांची तोंडं, ती गाणी, शाळेला दांड्या — मी स्वतः रोज भांडी घासताना हेच बडबडते. पण ते वर्डेलला ऐकवायचं? सकाळी शाळेत जेवण वाढते, संध्याकाळी हॉस्पिटलात फरशा पुसते ती. राग आलाय मला. लुशियसचा आलाय, आणि त्याचं म्हणणं पटतं म्हणून माझाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आजही हॉल उघडला नाही. गुरुवारी पोरं चर्चच्या तळघरात बास्केटबॉल खेळतात, आठपर्यंत. चावी लुशियसकडे, नियमही त्याचेच — टोपी घालून देवाच्या घरात यायचं नाही. काढ, नाहीतर चालायला लाग! पोरं त्याला लांबून बघूनच टोप्या खिशात कोंबतात. लव्हॉन गेल्यापासून हॉलला कुलूप आहे. दुखवटा आहे म्हणे. आज गाडी काढून गेला आणि तसाच परत आला.

“पोरं बाहेर पायऱ्यांवर बसलीत,” म्हणाला. मग उघड की! नाही म्हणाला.

सोमवार, १४ ऑक्टोबर

झालं! हुआनिटा म्हणाली तेच झालं. नगरपालिकेला आमच्या वस्तीतला जिम आणि पोहण्याचा तलाव बंद करायचाय. गुरुवारी सुनावणी. लुशियसला बोलावलंय. फोनवरचा माणूस गोड आवाजात म्हणाला, “डीकनसाहेब, टीव्हीवर बोललात तेच बोला. प्रश्न घरात आहे, जिममध्ये नाही.”

“जाऊ नकोस,” मी म्हटलं.

“माझं खरं कुणी कशाला वापरलं, त्याला मी काय करू?”

“तू पोहायला त्याच तलावात शिकलास ना रे? की तेव्हा तुझ्या आईला सगळं माहीत असायचं?”

त्याने ताट बाजूला सारलं. पंधरा दिवस झाले, धड जेवत नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर अंगावर येतो.

बुधवार, १६ ऑक्टोबर

पाउंड केक घेऊन वर्डेलकडे गेले. दार उघडलं, पण ‘ये’ म्हणाली नाही. मीच आत शिरले.

वर्डेल म्हणाली, “मिस इडेला, मला माहीत होतं माझं पोर कुठे होतं. गुरुवार होता. तुमच्या हॉलमध्ये होतं. म्हणून तर मी निर्धास्त कामावर गेले.”

मी म्हटलं, “हो गं.”

“मग उजेडातच बसस्टॉपवर कसा? आठपर्यंत असतं ना तुमच्याकडे?”

मग ती केसांबद्दल बोलायला लागली. आदल्या दिवशी तिनेच त्याचे केस कापले होते, मशीन घसरली, मागे टक्कल पडलं. “इतका लाजला! जेवतानासुद्धा टोपी काढेना. मी हसले गं त्याला.”

टोपी काढेना! केक तिथेच ठेवून निघाले.

लुशियस उद्यासाठी बूट पुसत बसला होता. वर्डेल जे म्हणाली ते शब्द न् शब्द सांगितलं. टोपीचंही. त्याने मान वर केली नाही. म्हणजे याला त्या दिवसापासून माहीत होतं! पोरांनाही माहीत असणार, पण डीकनविरुद्ध कोण तोंड उघडणार?

“आपण मारलं, आपण मारलं — गावभर सांगत सुटलास,” मी म्हटलं. “कोण रे आपण?”

तोच बूट पुसत राहिला.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

सुनावणीतही बोलायला दोन मिनिटंच देतात. लुशियसला तेवढीही लागली नाहीत. “वर्डेलला तिचं पोर कुठे होतं ते माहीत होतं. माझ्याकडे होतं. टोपी काढेना म्हणून मी बाहेर काढलं.” एवढं बोलून खाली बसला. वर्डेल मागच्या रांगेतून उठून निघून गेली. समोर कॅमेरा चालू होता.

संध्याकाळच्या बातम्या आम्ही दोघांनी पाहिल्या. जिम बंद होणार. आणि लुशियसचं भाषण — आजचं नव्हे, चर्चमधलंच, पुन्हा. ‘आयांना माहीतच नसतं.’