काशी शाखेस आणखी दहा हजार पिशव्या न पाठविण्याबाबत

प्रति,
मा. पर्यावरण प्रगती अधिकारी,
वसुमती ग्राहक भांडार (एकूण शाखा एकतीस),
मुख्य कार्यालय, नागपूर.

अर्जदार : प्रल्हाद दिनानाथ मुंडले, शाखा व्यवस्थापक, काशी शाखा, संकठा घाटाची गल्ली, वाराणसी.

विषय : पाठविलेल्या दहा हजार पॉलिथीन पिशव्या परत घेणे व काशी शाखेचा 'शून्य' हा आकडा शून्य म्हणूनच मान्य करणे.

संदर्भ : १) आपले परिपत्रक 'हरित लक्ष्य २०००', दि. २ एप्रिल १९९८. २) आपले अभिनंदनपत्र, दि. २० एप्रिल १९९९. ३) काशी स्टेशनच्या पार्सल कचेरीची सूचना, दि. १० मे १९९९.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय निवेदन करतो की, मी सदर शाखेत सव्वीस वर्षे सेवेत असून आजवर मुख्य कार्यालयाची एकही आज्ञा मोडलेली नाही. हे प्रौढीने लिहीत नाही. पुढे जे घडले ते याच सवयीमुळे घडले, म्हणून आधीच नमूद करतो. आमची मराठी तीन पिढ्या काशीत राहून हिंदीत कालवली गेली आहे, तरी भाषेत काही कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

१. आपण काशी शाखा पाहिलेली नाही, म्हणून थोडे सांगतो. गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून गाय आली तर माणसाने एखाद्याच्या ओट्यावर चढावे. सामान डोक्यावरून येते. गिऱ्हाईक म्हणजे घाटावरचे पुजारी, पाठशाळेतले वैदिक, काही मास्तर, बँकेतले आणि रेल्वेतले लोक, सगळी मराठी घरे. आपले संस्थापक कै. रावसाहेब काशीयात्रेला आले असता याच गल्लीत दीड महिना तापाने पडून होते, तेव्हा शेजारपाजारच्यांनी त्यांची सेवा केली. त्या उपकाराखातर त्यांनी ही शाखा काढली आणि तिच्यात एक सोवळ्याचा कट्टा ठेवला. नैवेद्याचे व श्राद्धाचे सामान त्या कट्ट्यावर सोवळ्यातल्या बाईनेच मोजायचे, ते गिऱ्हाइकाच्या घरून आलेल्या धुतलेल्या कापडी पिशवीत किंवा पितळी डब्यात घालायचे, आणि मध्ये दुसरे काही लागू द्यायचे नाही, असा त्यांचा नियम होता. कट्ट्याचे काम एकोणीस वर्षे श्रीमती अंबिकाबाई पाहत होत्या. त्या पहाटे घाटावर आंघोळ करून येत, आणि मग अकरा वाजेपर्यंत त्यांच्या जवळपास फिरकायची आमची कुणाची छाती नव्हती.

२. या रिवाजामुळे आमच्या गिऱ्हाइकांना सगळेच सामान घरच्या पिशवीत न्यायची सवय लागली. सोवळ्याचे नसलेले साबण आणि काडेपेट्यासुद्धा ते त्याच पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात नेतात. शाखा उघडल्यापासून आम्ही एकही पॉलिथीन पिशवी दिलेली नव्हती. पर्यावरणाचा विचार करून आम्ही हे केले असे मी म्हणणार नाही, कारण तो शब्दच आम्हाला आपल्या परिपत्रकातून कळला.

३. परिपत्रकासोबतच्या तक्त्यात 'मागील तिमाहीतील वापर', 'चालू तिमाहीतील वापर' व 'घट, टक्के' असे तीन रकाने होते. मी पहिल्यात शून्य लिहिले, दुसऱ्यात शून्य लिहिले आणि तिसरा आपल्यावर सोपवला. आपण तिसऱ्यातही शून्य घातलेत व एकतीस शाखांत आम्हाला एकतिसावे केलेत. ज्या शाखेने दोन लाख पिशव्यांवरून दीड लाखावर येऊन दाखवले, ती पहिली आली. त्यांचे अभिनंदन करणारे पत्र मी स्वतः पाठवले होते, तेही मनापासून. मला वाटले, आकड्यांत काही गफलत झाली असेल, दुसऱ्या खेपेला सुधारेल. दुसऱ्या तिमाहीतही आम्ही एकतिसावेच आलो. सलग तीन तिमाह्या शेवटी राहणारी शाखा जवळच्या शाखेत विलीन करण्यात येईल, असे परिपत्रकाच्या मागच्या बाजूला छापले होते. आमची जवळची शाखा जबलपूरची. महोदय, श्राद्धाचे तीळ आणायला आमच्या गिऱ्हाइकांनी जबलपूरला जायचे काय?

४. मी पत्र लिहिले. त्यावरून सप्टेंबरात आपले निरीक्षक श्री. शार्दूल डहाके काशीस आले. गृहस्थ अतिशय सज्जन, माझ्या घरी जेवले, ताटात काही टाकले नाही. पाहणी करताना त्यांनी कुतूहलाने सोवळ्याच्या कट्ट्यावर हात ठेवला, त्यामुळे अंबिकाबाईंना पुन्हा घाटावर जाऊन आंघोळ करावी लागली व गिऱ्हाइकांची सगळी ओळ तासभर खोळंबली. अशा प्रकारे आम्ही खरोखरच पिशव्या वापरत नाही याबद्दल डहाकेसाहेबांची पूर्ण खात्री पटली. तरीही ते म्हणाले की, मुंडले, तुमचं सगळं खरं, पण शून्यातून घट कशी दाखवणार? आधी काहीतरी वापर तर दाखवा. हेच पुढे आपल्या पत्रात 'शाखेने प्रथम आधार-तिमाही निश्चित करावी, तोवर विलीनीकरणाचा निर्णय राखून ठेवण्यात येत आहे' अशा शब्दांत आले आणि पाठोपाठ पाच हजार पिशव्या आल्या. पिशवीवर हिरवे पान, खाली 'धरतीमातेला वाचवा', त्याखाली 'वसुमती भांडार, काशी शाखा'. आमच्या शाखेचे नाव एवढ्या ठळक अक्षरांत याआधी कुठे छापलेले नव्हते. मला बरे वाटले, हे मी लपवत नाही.

५. आज्ञा अशी होती की ऑक्टोबर ते डिसेंबर पिशव्या वापराव्यात आणि जानेवारीपासून बंद कराव्यात. वाटले, तीन महिन्यांचाच तर प्रश्न. पण कुणी पिशवी घेईना. सौ. शरदिनीकाकू द्रविड यांना मी साखर पिशवीत घालून दिली, तर त्यांनी ती दोन बोटांनी धरून परत केली व सर्वांदेखत विचारले की, प्रल्हाद, तुझी तब्येत बरी आहे ना? ही पिशवी कशाची केली, वाटेत कुणाकुणाच्या हातातून आली, धुतल्यावर शुद्ध होते की नाही, यावर गल्लीतल्या शास्त्रीमंडळींत वाद सुरू झाला तो अजून संपलेला नाही. महिनाभरात एकोणीस पिशव्या खपल्या. एवढ्यावर आधार-तिमाही कशी उभी राहणार?

६. यापुढचे कलम मी तीनदा लिहून फाडले आहे.

आमच्या शाखेत एकच जिन्नस असा होता की ज्याला सोवळे-ओवळे काही नाही, आणि तो म्हणजे चोकर, म्हणजे आपला गव्हाचा कोंडा. गल्लीतली बहुतेक घरे रोज गायीसाठी चोकर नेतात, बादलीत किंवा जुन्या पाटीत. गायीच्या खाण्याला काय शिवाशीव? म्हणून नोव्हेंबरपासून मी चोकर पिशव्यांत भरून ठेवायला लागलो. आमच्या रिवाजाप्रमाणे त्यात मीठ चोळलेले असते. लोकांनी विनातक्रार नेला, उलट बादली आणायची कटकट वाचली म्हणाले. डिसेंबरअखेर ४,१८६ पिशव्या गेल्या. ज्या दिवशी चार हजारांचा आकडा ओलांडला त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. माझ्यासारखा गाढव मीच.

७. अंबिकाबाईंची एक गाय होती, बकुळ. अंबिकाबाईंना मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. सकाळी मी कुलूप काढायला यायचो तेव्हा बकुळ दार अडवून उभी असे, आणि तिच्या पाठीवर थाप मारल्याशिवाय ती बाजूला होत नसे. अंबिकाबाईसुद्धा चोकर बादलीतच नेत. पहिल्या दिवशी त्या पिशवीला नको म्हणाल्या होत्या. मीच म्हटले की, काकू, कोंडाच तर आहे, घ्या, शाखेचं काम आहे. मग त्यांनी घेतली. पुढे त्या रोज घेत राहिल्या. पिशवीला आतून मीठ चिकटलेले असे, ते चाटता चाटता जनावर पिशवीच ओढून खाई, आणि गल्लीत इतरांनी टाकलेल्याही खाई. हे कुणाच्या लक्षात आले नाही. माझ्या यायला हवे होते.

फेब्रुवारीत बकुळने रवंथ करणे थांबवले, पोट एका बाजूने फुगले. सरकारी पशुवैद्य येईपर्यंत ९ तारखेला ती गेली. त्यांनी पोट उघडून आतला पिळा बाहेर काढला, अंगणात बादलीभर पाण्यात टाकून सोडवला, आणि सदतीस पिशव्या एकेक करून दगडावर मांडल्या. हिरवे पान जसेच्या तसे होते. छपाईचा रंग उत्तम प्रतीचा आहे, हे यानिमित्ताने आपणास कळवतो. अंबिकाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी मला विचारले की, यावर काय लिहिलंय? पशुवैद्य हात धुवायला गेले होते, तिथे दुसरे वाचणारे कुणी नव्हते. मी वाचून दाखवले : धरतीमातेला वाचवा, वसुमती भांडार, काशी शाखा. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या की, प्रल्हाद, तू दिलंस म्हणून मी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या कट्ट्यावर आलेल्या नाहीत. मी चार वेळा घरी गेलो. त्या पाणी देतात, बसा म्हणतात. पूर्वी मला 'अरे' म्हणायच्या, आता 'अहो' म्हणतात.

८. इकडे जानेवारी ते मार्च आमचा वापर शून्य झाला. ४,१८६ वरून शून्य, म्हणजे घट शंभर टक्के. आपल्या संदर्भ २ च्या पत्रानुसार काशी शाखा एकतीस शाखांत प्रथम आली असून विलीनीकरणाचा प्रस्ताव तहकूब झाला आहे. ५ जून रोजी नागपुरात हरित ढाल स्वीकारून 'शंभर टक्के आम्ही कसे गाठले' यावर पाच मिनिटे बोलावे, असेही आपण कळवले आहे. महोदय, पाच मिनिटे फार होतात. मी सुरुवातीपासून जसे होतो तसाच आता आहे, मधल्या तीन महिन्यांत एक गाय मारली, एवढे सांगायला अर्धे मिनिटही लागणार नाही. ढाल कृपया दुसऱ्या कुणास द्यावी.

९. आता मूळ विनंती. त्याच पत्रात पुढे असे आहे की नव्या वर्षासाठीही प्रत्येक शाखेने घट दाखवणे बंधनकारक असून, काशी शाखेचा आकडा शून्यावर आल्यामुळे तिला 'नवी आधार-तिमाही' निश्चित करण्यास दहा हजार पिशव्या रवाना करण्यात येत आहेत. त्या आल्या आहेत. पार्सल काशी स्टेशनवर पडून आहे. सव्वीस वर्षांत प्रथमच मी मुख्य कार्यालयाचा माल सोडवलेला नाही. रोज जातो, लांबून गठ्ठे बघतो आणि परत येतो. पार्सलबाबू आता ओळखीचे झाले असून ते मला चहा पाजतात.

माझी अडचण सरळ आहे. पिशव्या सोडवल्या तर वाटाव्या लागतील, आणि मी पुन्हा पिशवी हातात धरलेली अंबिकाबाईंनी पाहिली तर त्या या उंबऱ्यावर कधीही पाय ठेवणार नाहीत. न सोडवल्या तर शाखा पुन्हा एकतिसावी येईल, जबलपुरात विलीन होईल, आणि त्यांना परत यायचे म्हटले तरी यायला कट्टाच उरणार नाही. पिशव्या घेऊन जाळून टाकाव्यात आणि वापरल्या असे लिहावे, हाही विचार मनात आला. पण धूर गल्लीतच होणार, आणि खोटा आकडा मी आजवर लिहिलेला नाही. जो खरा लिहिला त्यानेच हे सारे झाले, ते वेगळे. मला काही सुचत नाही. माझे डोके चालेनासे झाले आहे.

१०. तरी आपणास हात जोडून विनंती की, तक्त्यात एक चौथा रकाना घालावा, 'मुळातच वापर नाही', आणि त्यात काशी शाखेचे नाव लिहावे. क्रमांक दिला नाही तरी चालेल. नियमात ते बसत नसल्यास ही अडचण कोणापुढे मांडावी ते कळवावे, मी तिथेही अर्ज करीन. तेही शक्य नसेल तर निदान दहा हजार पिशव्या वाटण्याची लेखी आज्ञा आपल्या सहीने माझ्या नावे पाठवावी. ती मी अंबिकाबाईंना वाचून दाखवीन. मी दिल्या म्हणून त्यांनी घेतल्या. मला कुणी दिल्या, हेही त्यांना कळायला हवे.

कट्टा मी रोज सकाळी आंघोळ करून स्वतः धुतो. सोवळ्याचे सामान सध्या मोजले जात नाही. गिऱ्हाईक विचारते, मी उद्या सांगतो म्हणतो.

आपल्या उत्तरापर्यंत पार्सल सोडवणार नाही, आणि नाकारणारही नाही.

आजवर प्रत्येक आज्ञा पाळलेला, आपला,
(सही)
प्रल्हाद दिनानाथ मुंडले
शाखा व्यवस्थापक, काशी शाखा
वाराणसी, दि. १७ मे १९९९

सोबत :
१) पार्सल कचेरीच्या सूचनेची नक्कल.
२) पशुवैद्यांचा दाखला, हिंदीत.
३) पॉलिथीन पिशवी, नग एक. बकुळच्या पोटातील सदतीसपैकी. धुऊन वाळवली आहे. वापराच्या रकान्यात ही डिसेंबरातच धरलेली आहे, कृपया पुन्हा मोजू नये.