शिंगाळ्याचा काटा

माहीम कोळीवाडा,
३ फेब्रुवारी २०२५

लाडक्या नूपुरला आजीचा भरघोस आशीर्वाद.

घरी सगळे ठीक. तुझा बाप होडी रंगवतोय. होडीपेक्षा स्वतःच जास्त रंगलाय. पत्र नलूताई लिहितेय, माझं प्रभादेवीचं जुनं गिऱ्हाईक. ती माझं बोलणं शुद्ध करते, मी परत अशुद्ध करते. फोन केला असता, पण तो तुझ्या आईचा, शेफालीचा, आणि तिचे कान तुला ठाऊक आहेत.

तिच्या हाताला शिंगाळ्याचा काटा लागला होता. सूज उतरलीय. काळजी नको.

तुझं ते एन्झाइम काय म्हणतंय? नवऱ्यामागे लागायच्या वयात बंगळुरूच्या लॅबमध्ये त्याच्यामागे लागलीस! दिवाळीत तू सांगितलंस ते मी धरून ठेवलंय. मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप धाडते, आणि पोचला की हे एन्झाइम तो झाडून टाकतं. धडधाकट डोक्यात बरंच ते, नाहीतर शिळ्या निरोपांचा बाजार भरेल. अल्झायमरमध्ये निरोपच आटतात, झाडणारी मात्र झाडतच राहते. गोळी तिचा हात धरते, म्हणजे उरलेले निरोप जरा टिकतात. पुढचं तू गिळलंस. का गं?

गोळी मी रोज घेते. शेफालीच देते.

तो शिंगाळा मी साफ केला होता. हा मासा हातात आला की आधी काटे छाटायचे, पाठीचा आणि दोन्ही कुशींचे, विषारी असतात. कोळणीच्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. मी काटे छाटायचेच विसरले, तसाच तिच्या पातेल्यात टाकला, वर म्हटलं, "घे, साफ केलाय." तिने विश्वासाने हात घातला.

ओरडली तशी धावले. विष उतरावं म्हणून तिचा हात कढत पाण्यात धरला आणि वर बघितलं, तर नूपुर, ही बाई कोण तेच आठवेना. "कुणाची गो तू?" विचारलं. तिला वाटलं, सासू थट्टा करतेय. कळवळतानाही हसली बिचारी. मग मीही हसले. जन्मभर केलेली थट्टा अशी कामाला आली.

नलू, डोळे पूस आणि लिही. विसरतेय मी, रडतेस तू!

त्या दिवसापासून मी कोयता हातात घेत नाही. मनगट दुखतं म्हणून सांगितलंय. पोरी, मला भीती वाटते. मरायची नाही गं. आपल्याच माणसाला माझ्या हातून काही होईल, आणि ते माणूस कुणाचं हेही मला कळणार नाही, याची. म्हणून खरं सांग, गोळी कधीपर्यंत निभावेल? आणि त्या दिवशी मी तिला ओळखलंच नव्हतं, हे शेफालीला तूच सांग. माझं तोंड उघडलं की थट्टाच बाहेर येते.

शिमग्याला ये. दारात उभी राहून "ओळख पाहू" असलं काही करू नकोस. उंबऱ्याबाहेरूनच नाव सांग. "मला येडी समजतेस काय," म्हणून मी चिडले, तरी सांग.

हे सांगताना तरी तुला पुरती ओळखणारी,
तुझी आजी सखुबाई