थोंग आपणहून परत येईल

एप्रिल २, रविवार. सकाळ.
...आणि वर मलाच पापी म्हणते! माझ्याच दुकानात, माझ्याच हातच्या नूडल्स ओरपत! ही वन्विसा, नवऱ्याच्या भावाची पोरगी, सुट्टीवर आलीय. बँकॉकात जनावरांच्या दवाखान्यात नोकरी काय लागली, जनावरांची वकीलच झाली. म्हणाली, काकू, अस्वलाला असं कोंडून ठेवणं पाप आहे. म्हटलं, दुकानामागे अस्वल आहे म्हणून गिऱ्हाईक थांबतं, गिऱ्हाईक थांबलं म्हणून तू शिकलीस. म्हणाली, गज घासून घासून त्याच्या नाकाचं सालपट निघालंय. म्हटलं, खाज असेल.
मठातले मोठे भन्ते म्हणतात, लम्दुआन, राग आला की हाणू नकोस, लिहून काढ. चौथीपर्यंतच शिकले, तरी काढतेय.
लिहिलं. राग तसाच. जाऊन पिंजऱ्यावर खलाचा बत्ता आपटून आले. थोंग कोपऱ्यात जाऊन बसला. बघा, कसं ऐकतो माझं.

एप्रिल ५, बुधवार.
थोंगला मी वाढवलाय. आणला तेव्हा सुपाच्या वाडग्यात मावायचा. बाटलीने दूध पाजलं. त्याच्या आईला कोणी गोळी घातली ते मी विचारलं नाही. जंगलात आहे काय? जळवा आणि शिकारी. इथे भात, फणसासारखा घमघमणारा पिकलेला डुरियन, डोक्यावर पत्रा. वन्विसा म्हणते, दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या मारतो, डोकं फिरलेलं जनावर असं करतं. नाचतो तो! पोट भरलेलं असलं की नाच सुचतो.
दुपारी डुरियन देताना मनगटाला चावला. टाके पडले. लाडाने चावला, जोर जरा जास्त लागला एवढंच. मीही बत्ता नाकावर दिला. लाडानेच.

एप्रिल ८, शनिवार.
घरभेदी! वन्विसाने जंगल खात्याला फोन केला. सण झाला की साहेब येणार आणि थोंगला नेणार. फिश सॉसची बाटली तिच्यावर भिरकावली. ती वाकली. बाटली नवऱ्याच्या, बुनसोंगच्या कपाळावर. बुनसोंग म्हणाला, मलाही अस्वलाच्या पिंजऱ्यात ठेव बाई, तुझ्या-माझ्यात निदान गज तरी राहतील.
त्याचं रक्त पुसता पुसता युक्ती सुचली. सोंगक्रानला, नव्या वर्षाला, पुण्यासाठी पाखरं सोडतातच की सगळे. मठाच्या दारात फियेन म्हातारी चिमण्या घेऊन बसते. आपण सोडायच्या, पुण्य आपलं, संध्याकाळपर्यंत चिमण्या पुन्हा तिच्याच पिंजऱ्यात. त्यातली एक शेपूटतुटकी मीच कितीदा सोडलीय. मग थोंगला का नाही? भन्त्यांसमोर दार उघडायचं. पाप खलास, पुण्य जमा. डुरियनच्या वासाने संध्याकाळी थोंग आपणहून परत. साहेब बघेल तो काय, दार सताड उघडं आणि अस्वल आत! मग बोल म्हणावं त्या वकीलणीला.

एप्रिल ११, मंगळवार.
मोगऱ्याचा हार आणला. तालीम म्हणून गजांतून थोंगच्या गळ्यात घालायला गेले. हार गेला, सोबत माझे मूठभर केसही गेले. मला बरोबर ओळखतो.
भन्त्यांना सांगितलं. म्हणाले, परत यावं असं मनात धरून सोडलं तर ते सोडणं नव्हे. म्हातारे झालेत. मंत्र म्हणायला येईन म्हणाले, पण गाडीत बसून, काचा वर करून. नवरा म्हणतो, मी छपरावरून हात जोडीन. एकेक पुरुष!
वन्विसा पाया पडली, काकू, नको, रस्ताभर माणसं असतील. म्हटलं, असू देत, साक्षीदार हवेतच.

एप्रिल १४, शुक्रवार. दवाखान्यातून.
कालचं लिहिते. अक्षर वाकडं येतंय. औषधामुळे.
रस्त्यावर सणाची पाण्याची लढाई चाललेली, जो तो दुसऱ्याला भिजवतोय. मी दार उघडलं. थोंग बाहेरच येईना! किती वेळ बघणार? मागून बत्त्याने ढोसला. तो उंबऱ्यावर आला आणि कुठल्या तरी टाळक्याने बर्फाच्या पाण्याची बादली त्याच्या तोंडावर मारली.
मग काय. फळांची गाडी आडवी. सुपाचं पातेलं उलटं, उकळतं सूप माझ्या पायावर. मी ओरडले, थोंगने पोटरी धरली. मी बत्ता हाणला, बत्ता तुटला. तो सोडेना. भन्त्यांच्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा सोडली. मला उघडं दार एकच दिसलं. आत घुसले, कडी लावली. पिंजऱ्याची.
बाहेर सगळे पांगले. रस्ता रिकामा, समोर डोंगर, डोंगरावर जंगल. थोंग गेला नाही. रस्त्याच्या मधोमध फेऱ्या मारायला लागला. पिंजऱ्याएवढ्याच. इकडून तिकडे, तिकडून इकडे. जिथे काहीच नव्हतं तिथे नाक पुढे करायचा आणि आपटल्यासारखा वळायचा.
मी आतून ओरडत होते. आधी ये रे म्हटलं. मग जा रे म्हटलं. कशालाच त्याने मान वळवली नाही. लोखंड तापलेलं. एके ठिकाणी गज आरशासारखा गुळगुळीत, त्याच्या नाकाच्या उंचीवर. रक्त वाहत होतं म्हणून तिथेच कपाळ टेकून बसले.
लांबून लोक माझे फोटो काढत होते. एकाने केळं टाकलं. मी ते उचलून मारलं. त्याच्या डोळ्यावर बसलं. दिवसभरात तेवढा एकच नेम लागला.
शेवटी जंगल खात्याचे साहेब सण सोडून धावत आले, त्याला झोपेची सुई मारली. पडतानाही थोंग वळतच होता.

एप्रिल १६, रविवार. घरी.
थोंगला नेलं. वन्विसा त्याच्यासोबत गाडीत गेली. जाताना माझ्याशी भांडलीसुद्धा नाही. हार पिंजऱ्यातच पडलाय. नवरा म्हणाला, दार लावू का? म्हटलं, राहू दे उघडं. वारा येतो.
वन्विसाला काही विचारणार नाही. भन्तेही नको, ते हसतील. दुकानाच्या कोपऱ्यावर खांबावरच्या इवल्या घरात भूमीदेव बसलाय, त्याला आज समोर उभं राहून विचारलं. इथेही लिहून ठेवते, नंतर ऐकलं नाही म्हणायला नको.
तो परत आला नाही, पण गेलाही नव्हता. मग मी त्याला सोडला की नाही? माझ्यावर जीव होता म्हणून थांबला म्हणावं, तर पोटरी का फाडली? आणि जीव नव्हता, तर मोकळ्या रस्त्यावर कुठल्या गजांना भिऊन वळत होता? ते गज घातले कोणी?
रोज तुला लाल सरबत ठेवते, नळी घालून. अमावास्येपर्यंत, म्हणजे येत्या बुधवारपर्यंत, उत्तर पाहिजे. नाही आलं, तर गुरुवारपासून साधं पाणी.