चाळणीचा मानकरी

५ जानेवारी २०२५, रविवार

ठरलं! सव्वीस जानेवारीला मंठ्यात आमच्या जुन्या हॉकी टीमचा मेळावा — आणि आजवरचा सगळ्यात वाईट गोलकीपर निवडायचा! परीक्षक दोन. मी आणि आमचा कॅप्टन धम्मपाल. बक्षीस — चाळणी! कल्पना माझी. दिवसभर एकटाच हसतोय.

८ जानेवारी

उमेदवार तीन. तशी निवडच आमची भारी. टीमकडे पॅडचा एकच जोड, तो ज्याच्या पायाला बसेल तो गोलकीपर!

माऊली बॉल आला की बाजूला सरकायचा — पाहुण्याला वाट द्यावी तसा. बबलू चालू मॅचमध्ये मागच्या लोकांशी गप्पा मारायचा. एकदा तर हातातले ग्लोव्ह्ज काढून शेंगा खात बसला आणि गोल झाला! धम्मपाल म्हणतो, "टरफलं तरी गोलच्या बाहीर टाकायची का न्हाई!" चहा नाकातून आला माझ्या.

११ जानेवारी

पण पहिला नंबर तिसऱ्याचा, कल्याणचाच. जालन्याची २०११ ची फायनल — नऊ गोल! नववा तर दोन पायांमधून. मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो, "तुझ्यापरीस गोलमधी म्हैस बांधायला पाह्यजे होती!" सगळी टीम हसली होती.

तेव्हापासून तो मैदानावर आला नाही. माझ्या लग्नालाही नाही. भोकरदनला खताचं दुकान टाकून बसलाय. यायलाच पाहिजे लेकाने. खरं सांगायचं तर मला त्याची फार आठवण येते.

१२ जानेवारी

फोन केला. उचलला नाही.

१९ जानेवारी

कल्याण येतोय!! आज उचलला. म्हणाला, "चाळणी बारीक आणू नका. बॉल जायला पाह्यजे तिच्यातून." तेरा वर्षांनी दोघं मिळून हसलो! मग हळूच म्हणाला, "त्या दिवसापासून स्टिक हातात न्हाई घेतली, भाऊ." मी म्हटलं, सोड रे, जुनं झालं.

लगेच जुन्या जालन्यात गेलो. चाळणी घेतली, सोनेरी रंग दिला, त्याचं नाव घातलं. झकास!

२५ जानेवारी

जेवताना बायकोला तिघांच्या नकला करून दाखवल्या. राजनंदिनी पोट धरून हसली. मग पोळी वाढता वाढता म्हणाली, "पण अवो, गोलपस्तोर बॉल येऊ कोण देत होतं?"

तिघांच्याही पुढे बॉल अडवायला फुलबॅक एकच होता. मी.

कल्याण उद्या सकाळच्या एसटीने येतोय. स्टँडवर मी जातो. माफी मागायचीय — सुरुवात कुठून करू, कळत नाही.