अनुष्काने काढलेलं गिधाड

१८ मार्च
गिधाड! जाड कागदावर, वाकड्या चोचीचं, एकेक पीस रंगवलेलं. खाली इंग्रजीत — फॉर मालविका. म्हणजे मला. अनुष्काने शाळेतून आणून ओट्यावर ठेवलं आणि खोलीत निघून गेली.

तिची आजी, तिच्या आईची आई, फोनवर तिला काय सांगते ते मला ठाऊक आहे. मिहीरची पहिली बायको घर सोडून नाशिकला गेली, तेव्हापासून मी म्हणे या घरावर गिधाडासारखी टपून होते. मी! तेव्हा मिहीरला ओळखतसुद्धा नव्हते. आता नातीने तेच कागदावर उतरवलं.

खोलीत जाऊन तिच्यासमोर फाडलं. ती इतकंच म्हणाली, "यू डिडन्ट इव्हन आस्क."

१९ मार्च
अनुष्का बोलत नाही. डबा तसाच परत. मिहीर मेसईदच्या कारखान्यातून दमून आला, जेवताना सगळं सांगितलं. म्हणतो, पोरीचं मनावर घेऊ नकोस. मग कोणाचं घ्यायचं? तिचे केस मी विंचरते, ताप आला की उशाशी मी बसते. हाक मात्र नावाने. तेही चालवून घेतलं. पण गिधाड?

२० मार्च
शाळेत गेले, तक्रार करायलाच. आर्टच्या मॅडम इजिप्तच्या. चित्राचं नाव काढताच खुलल्या. उद्या त्यांच्याकडचा मदर्स डे, म्हणून वर्गाला जुनी चित्रलिपी शिकवली. त्यात गिधाड काढलं की वाचायचं 'मुत' — म्हणजे आई! राण्या डोक्यावर गिधाडाचा मुकुट घालायच्या म्हणे. हेच पाखरू का, ते नक्की कोणालाच माहीत नाही. कदाचित नुसता उच्चार जुळला असेल. कदाचित पिल्लांवर पंख धरतं म्हणून. पूर्वी तर लोक मानायचे की गिधाडांत नर नसतोच, मादी वाऱ्यानेच आई होते.

अनुष्काने मॅडमना विचारलं होतं — जिने जन्म दिला नाही, तिला हे दिलं तर चालेल का?

पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. कसली करंटी मी!

२१ मार्च
माफी मागितली. "इट्स ओके," म्हणाली, मोबाइलमधून मान वर न करता. पुन्हा काढशील का विचारलं. मग दार लावून रंग काढून बसली. तिला आवडतो म्हणून शिरा केला. दारातूनच घेतला, मला आत येऊ दिलं नाही. सरप्राइज असेल.

२४ मार्च
चित्र झालं. पहिल्याहून देखणं. संध्याकाळी मिहीरने कुरिअर केलं — नाशिकला, तिच्या आईला.