संगमरवरावरचा फेस

श्री. साडूभाऊ यांस सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं धरू नये. तुमचा गुडघा कसा आहे? आमची ही तुमच्याकडे, आपल्या धाकट्या बहिणीजवळ, मजेत असेलच. ती रविवारी परत येणार, या एका गोष्टीने माझ्या तोंडचं पाणी पळालं आहे. पत्र मुद्दाम तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर धाडतो आहे. घरी आलेलं पाकीट ती आधी फोडते (कोणाच्याही घरी).

तुम्हाला ठाऊकच आहे, हिने हल्ली उग्र वासाच्या सगळ्या बाटल्या घरातून हद्दपार केल्या. माझ्या खोकल्यासाठीच हो! आता व्हिनेगर, खायचा सोडा, लिंबू, मीठ, बस्स. जाताना कपाटावर एक कागद चिकटवून गेली, कशाने काय पुसायचं त्याचा. म्हटलं, ती येईपर्यंत घर लखलखीत करून तिला थक्क करावं. (थक्क ती होणारच आहे.) सोड्याने सिंक घासलं, उजळलं. व्हिनेगर-पाण्याने आरसा पुसला, तर मी इतका म्हातारा झालोय हे पहिल्यांदाच दिसलं. किटलीच्या तळाशी पांढरा थर होता, त्यावर व्हिनेगर ओतलं. फसफसून फेस आला आणि थर गायब! माझ्या अंगात वारंच शिरलं. आणि नजर गेली सासरेबुवांच्या टीपॉयकडे.

जोडीतला एकेक संगमरवरी टीपॉय त्यांनी शेवटच्या दिवसांत एकेका लेकीला दिला होता. पाय डगमगतात म्हणून मागच्या वर्षी तुम्हीच दोन्ही टेम्पोत घालून सुताराकडे नेलेत, तुम्हीच घरपोच केलेत. ते उपकार मी विसरलेलो नाही. आमच्या टीपॉयवर चहाचा एक डाग होता. मी व्हिनेगर ओतलं, वर लिंबू पिळलं. फेस आला. मी हरखून एकटाच ओरडलो, "वा! मळ कसा निघतोय!" साडूभाऊ, तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. दरवर्षी संगमरवराच्या तुकड्यावर आम्ल टाकून, हाच फेस दाखवून, बघा दगड कसा विरघळतो, म्हणून सांगितलं. किटलीत मळ जात होता, इथे टीपॉय जात होता! पुसून पाहतो तर मधोमध ताटलीएवढा पांढरट, खरखरीत चट्टा. मग तो कागद शेवटपर्यंत वाचला. शेवटची ओळ, खाली दोन रेघा मारून: "संगमरवराला आंबट काही लावू नका. नुसतं ओलं फडकं." (आधी प्रश्न पूर्ण वाचा, असं मी मुलांना घसा फोडून सांगायचो.)

ही रोज सकाळी तो टीपॉय पुसते आणि पुसताना मनातल्या मनात वडिलांशी बोलते, हे मला माहीत आहे. रागावली तर सोसेन. पण ती नुसता त्या चट्ट्यावर हात फिरवेल. ते मला बघवणार नाही.

आपला,
हादरलेला साडू

ता. क. तुमचा टीपॉय कायम विणलेल्या रुमालाखाली असतो. (कोणी रुमाल जरा सरकवला की तुम्ही धावत येता, केवढी ती काळजी!) तर शनिवारी दोघी बहिणी बाजारात गेल्या की तुमचा इकडे आणा, आमचा तिकडे न्या. चट्टा रुमालाखाली सुखाने नांदेल.

ता. क. २. नेताना ओरखडा नको म्हणून टीपॉय उलटा करून चादरीत गुंडाळत होतो. खाली सासरेबुवांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, "धाकटीचा". चष्मा पुसून तीनदा वाचलं. म्हणजे आमचा तुमच्या हातून बिघडला, तो तुम्ही रुमालाखाली दडवलात आणि गुपचूप आपला चांगला आम्हाला दिलात! आणि मी तोही नासवला!

ता. क. ३. आत्ताच हिचा फोन आला. रिकामं बसवत नाही म्हणून उद्या तुमच्याकडे सफाई काढणार आहे. सुरुवात रुमाल धुण्यापासून. पत्र मिळेपर्यंत ते होऊनही गेलं असेल. एवढंच कळवा, तुमचं व्हिनेगर होतं की लिंबू?